हिपॅटायटिस बीच्या लशींची चाचणी: संमतीपत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत

मला हिपॅटायटिस बी, म्हणजे विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार आहे. त्यावरची टेनोफोव्हिर ही गोळी सुरू केल्यावर वर्षभरात माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, 'आढळला नाही' या शेऱ्यापर्यंत खाली आला आणि पुढे तिथेच राहिला. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. पण त्याच रिपोर्टात एचबीएसएजीच्या, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या (सरफेस अँटिजेनच्या) ओळीत दर वेळी 'पॉझिटिव्ह'. हा आजार ज्यांच्या घरात आहे त्यांना ती ओळ पाठ असेल. ती कधीतरी निगेटिव्ह व्हावी या आशेने मी एका चाचणीत नाव दिलं. त्या चाचणीत एक नवं औषध आणि दोन लशी एकापाठोपाठ द्यायच्या होत्या. चाचणी संपली, मी कुठल्या गटात होते ते सांगणारं पत्रही आलं. भाग घ्यावा की नाही या विचारात जे असतील त्यांच्यासाठी कागदपत्रांच्या कटकटीसकट सगळं लिहिते आहे.

माझा आजार गरोदरपणातल्या नेहमीच्या रक्ततपासणीत कळला. मुलीला जन्मल्यावर काही तासांतच लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी), दोन्ही इंजेक्शनं मिळाली. ती निगेटिव्ह आहे. मग आई आणि दादाचं रक्त तपासलं, दोघंही पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे मला संसर्ग जन्माच्या वेळी झाला असणार. मोठेपणी झालेला संसर्ग शंभरात पाच जणांतसुद्धा कायमचा टिकत नाही. तान्हेपणी झालेला सुमारे 95 जणांत टिकतो. हे सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच ना गं?" माझ्या जन्माच्या काळात बाळांना ही लस सरसकट मिळत नव्हती. तिच्या हातात काहीच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 साली जगात 25 कोटी 40 लाख लोक हा आजार घेऊन जगत होते, आणि त्यात अशा आया आणि अशी मुलं पुष्कळ आहेत.

गोळीने विषाणू दबतो, जात का नाही, हे मला नीट समजून घ्यायचं होतं, कारण चाचणीची सगळी आखणी त्यावरच होती. हा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं एक बंद वर्तुळ करून ठेवतो. त्याला सीसीसीडीएनए म्हणतात. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर या गोळ्या विषाणूच्या नव्या प्रती तयार होऊ देत नाहीत, पण त्या वर्तुळाला धक्का लावत नाहीत. विषाणूच्या डीएनएचे काही तुकडे आपल्या गुणसूत्रांतही घुसलेले असतात आणि तिथूनही सरफेस अँटिजेन तयार होत राहतं. रक्तात खऱ्या विषाणूंपेक्षा या अँटिजेनचे पोकळ कण हजारो पटींनी जास्त असतात. वर्षानुवर्षं त्यांच्या गराड्यात राहून टी-पेशी, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, थकतात, त्यांच्यावर पीडी-1 नावाचा ब्रेक लागतो. नुसत्या गोळीवर सरफेस अँटिजेन जाण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात एक, तेही जेमतेम.

"मग लसच घेऊन टाक की," असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. बाळांना देतात ती लस संसर्ग होण्याआधीची आहे; ती सरफेस अँटिजेनविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. ज्याच्या शरीरात तेच अँटिजेन जन्मापासून भरलेलं आहे, त्याला तिचा उपयोग होत नाही. उपचारासाठीची लस वेगळी असते. तिच्यात विषाणूचे आतले भागही असतात, कोअर आणि पॉलिमरेज, आणि तिचा रोख टी-पेशींना जागं करण्यावर असतो. अशा एकट्या लशींनी आजवर निराशाच केली आहे. यीस्टवर आधारलेली जीएस-4774 नावाची लस होती. गोळ्या चालू असलेल्या रुग्णांना ती देऊन पाहिली, तर सरफेस अँटिजेन म्हणावं तसं उतरलंच नाही.

म्हणून आता तीन कामं जोडून केली जातात. आधी अँटिजेनचा भार कमी करायचा, मग टी-पेशींना शिकवायचं, आणि काही चाचण्यांत त्यांच्यावरचा ब्रेकही थोडा सैल करायचा. शिकवण्यासाठी दोन वेगवेगळ्या लशी लागतात. पहिली चिंपांझीच्या अडेनोव्हायरस या विषाणूत भरलेली, दुसरी एमव्हीए या दुबळ्या केलेल्या पॉक्सविषाणूत. दोन्हींत हिपॅटायटिस बीचा मजकूर जवळपास एकच, वाहक मात्र निराळे. तोच वाहक पुन्हा दिला तर शरीर वाहकालाच अडवतं, आतला मजकूर पोचत नाही. जर्मनीत विषाणुशास्त्रज्ञ उलरिके प्रोत्सर यांच्या पुढाकाराने चाललेल्या थेरव्हॅक-बी या प्रकल्पात सुरुवात प्रथिनांच्या लशीने होते आणि शेवट एमव्हीएने. वाटा निराळ्या असल्या तरी क्रम चुकवायचा नाही यावर सगळ्यांचं एकमत दिसतं. माझी सगळी चाचणी म्हणजे या क्रमासाठी थांबणंच होतं, हे मला नंतर उमगलं.

ऑक्टोबर 2021 मध्ये माझ्या डॉक्टरांनी या चाचणीचा विषय काढला. त्यांनी आधीच बजावलं, "हे संशोधन आहे, उपचार नाही. तुम्हाला फायदा होईलच असं मी म्हणणार नाही." त्यांनी दिलेलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मिळून चाळीसेक पानं होती. मी ते घरी आणलं आणि दोन आठवडे वाचत बसले. घरी न्यायला नकार दिला तर तिथूनच परत फिरा, असं मी आज कुणालाही सांगेन. मी पेन्सिलीने खुणा केल्या आणि प्रश्नांचा कागद घेऊन गेले. चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण देणार, आणि तो किती काळ? मध्येच सोडून गेले तर माझ्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होईल का? माझ्या रक्ताचे उरलेले नमुने किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कुणाला देणार का? प्लासिबो, म्हणजे लशीऐवजी नुसतं सलाइन, मिळाला तरी टेनोफोव्हिर चालू राहील ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं. नमुन्यांसाठी वेगळा चौकोन होता, त्यावर 'नाही' अशी खूण केली तरी चाचणीत घेतात. हे तोंडी कुणी सांगितलं नव्हतं, वाचलं म्हणून कळलं.

स्क्रीनिंग जानेवारी 2022 मध्ये झालं. एचबीएसएजीचं नेमकं प्रमाण, व्हायरल लोड, एचबीइएजी (याच विषाणूचं आणखी एक अँटिजेन), हिपॅटायटिस सी आणि डी, एचआयव्ही, थायरॉइड, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), गरोदरपणाची तपासणी, ईसीजी, सोनोग्राफी आणि यकृताचा ताठरपणा मोजणारं फायब्रोस्कॅन. सिरॉसिस असेल तर घेत नाहीत. लशीमुळे टी-पेशींनी यकृतावर हल्ला केला तर तो सोसायला यकृतात ताकद शिल्लक हवी. माझा एचबीएसएजी 640 आला, मर्यादेच्या आत. करोनाची लस कुठली आणि कधी घेतली हेही तारखेनिशी विचारलं, कारण ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाच्या लशीतही चिंपांझीचाच अडेनोव्हायरस वाहक आहे. प्रमाणपत्र जवळ ठेवा, आठवणीवर भागत नाही.

इथे एक अडचण आली. सगळे रिपोर्ट ठरलेल्या 28 दिवसांत हातात असावे लागतात. माझा एक नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत खराब झाला, दुसऱ्याचा रिपोर्ट उशिरा आला आणि मुदत उलटली. पुन्हा संमतीपत्र, पुन्हा सह्या, पुन्हा सगळं रक्त. मला रडू आलं होतं. रिसर्च कोऑर्डिनेटर ताईंनी खुर्ची ओढून शेजारी बसून सांगितलं की असं पुष्कळांचं होतं, आणि पुढच्या वेळी नमुने त्यांनी स्वतः सकाळच्या पहिल्या खेपेत पाठवले. हे सगळं होईपर्यंत मार्च उजाडला.

मार्च अखेरीस पहिलं इंजेक्शन मिळालं. हे एसआयआरएनएचं, पोटाच्या त्वचेखाली, दर 8 आठवड्यांनी. हे औषध यकृताच्या पेशीत जाऊन विषाणूचे संदेश कापतं. ते कापले की अँटिजेन बनत नाही. हा भाग सगळ्यांना खराच मिळणार होता, प्लासिबो फक्त लशींच्या टप्प्यात. टोचल्या जागी दोन दिवस लाली, बाकी काही नाही. वाट पाहणं मात्र लांबलचक. पहिल्या महिन्यानंतर 640 चे 210 झाले, मग 70, मग 30 च्या खाली. प्रत्येक रिपोर्ट आला की दादाला फोन. तो दर वेळी विचारायचा, "शून्य कधी होणार?" आणि मी त्याला समजवायचे की या औषधाने नुसतं उतरणं पुरेसं नाही, औषधाचा अंमल संपला की अँटिजेन हळूहळू परत चढू शकतं. बेपिरोव्हिरसेन हे याच अंगाने काम करणारं दुसरं औषध आहे. 2022 मध्ये त्याच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. 24 आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे 9 ते 10 टक्के लोकांत इंजेक्शनं थांबवल्यानंतर 24 आठवडे अँटिजेन आणि विषाणू दोन्ही दिसले नाहीत. हा आकडा मी दादाला वाचून दाखवला तेव्हा तो निराश झाला. मला मात्र त्यात आशा दिसली, कारण गोळीच्या वर्षाला शंभरात एकापुढे हा बराच मोठा आहे.

खर्चाबद्दल लोक आधी विचारतात. औषधं, लशी, तपासण्या, सगळं मोफत होतं. प्रवासखर्च पावत्या दाखवून परत मिळायचा, पण त्याला दीड-दोन महिने लागायचे, तेव्हा तेवढे पैसे हाताशी ठेवावे लागतात. पावतीवर तारीख भेटीचीच हवी. खरा खर्च रजेचा. टी-पेशींसाठी घेतलेलं रक्त काही तासांत प्रयोगशाळेत पोचवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात, म्हणून त्या भेटी नेहमी सकाळच्या आणि आठवड्याच्या पहिल्या दिवसांतल्या. कामावर मी फक्त 'वैद्यकीय तपासणी' एवढंच लिहिलेलं पत्र दिलं. कोऑर्डिनेटर तसं पत्र देतात, त्यात आजाराचं नाव घालू नका असं स्पष्ट सांगावं. या आजाराबद्दल गैरसमज अजून फार आहेत आणि कुणाला सांगायचं हा निर्णय आपला असावा.

सप्टेंबरमध्ये, 26 व्या आठवड्याला, पहिली लस. तेव्हा माझा एचबीएसएजी 14 होता. आधी डझनभर नळ्या रक्त काढलं, बहुतेक हिरव्या टोपणाच्या. सिस्टर प्रत्येक नळी हळुवार उलटसुलट करून स्टँडमध्ये ठेवत होत्या, हलवली तर पेशी फुटतात म्हणून. त्या दिवशी भरपेट खाऊन आणि भरपूर पाणी पिऊन जावं. शिरा सापडायला सोपं जातं आणि चक्कर येत नाही. लस गोठवलेली असते. मी आल्याची खात्री झाल्याशिवाय ती फ्रीजरबाहेर काढत नाहीत, आणि एकदा वितळली की ठरावीक वेळेत द्यावीच लागते. औषध तयार करणाऱ्या व्यक्तीला आत काय आहे ते माहीत असतं, टोचणाऱ्या सिस्टरना नसतं. सिरिंजला बाहेरून अपारदर्शक पट्टी गुंडाळलेली होती, पातळ द्रवाचा रंगसुद्धा दिसू नये म्हणून. मी त्या पट्टीकडे एकटक पाहत होते. इतक्या महिन्यांची तयारी तिच्याआड होती आणि ते नुसतं सलाइनही असू शकत होतं.

टोचल्यावर तासभर तिथेच बसवतात. घरी जाताना थर्मामीटर, एक छोटी पारदर्शक पट्टी आणि फोनमधली डायरी दिली. सात दिवस रोज संध्याकाळी ताप, दंडावरची लाली किती मिलिमीटर, अंगदुखी कितपत, सगळं भरायचं. रात्री थंडी वाजून ताप आला, 38.6 सेल्सिअस. दंड वर होईना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला. मनात आलं, खरीच लस असणार. सिस्टरनी तसा अंदाज बोलून दाखवू नका असं सांगितलं होतं, कारण त्याने नोंदी करणाऱ्यांचं मतही वळतं. मी कुणाला बोलले नाही, दादालाही नाही.

30 व्या आठवड्याला दुसरी लस, एमव्हीएवाली. या वेळी ताप कमी. पण दोन आठवड्यांनी फोन आला: एसजीपीटी 88, आधी कायम 24-25 असायचं. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं. सगळ्या प्रवासातला हा सर्वांत कठीण काळ. एसजीपीटी वाढणं म्हणजे यकृताच्या पेशी फुटताहेत. ज्या पेशींत विषाणू आहे त्यांनाच टी-पेशी मारत असतील तर आपल्याला तेच तर हवं आहे. पण ती आग हाताबाहेर गेली तर यकृत निकामी होऊ शकतं. रिपोर्टातला तो एक आकडा दोन्हींसाठी सारखाच असतो. मी डॉक्टरांना विचारलं, यातलं कुठलं? ते म्हणाले, "तुमचं बिलिरुबिन आणि आयएनआर जागेवर आहे, म्हणून मी आज शांत आहे. पण पुढच्या आठवड्यात परत रक्त द्यायचं, आणि लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर वाट न पाहता फोन करायचा." चाचणीचं कार्ड, ज्यावर चोवीस तासांचा नंबर असतो, ते मी तेव्हापासून फोनच्या कव्हरमध्ये ठेवलं. दर आठवड्याला रक्त दिलं. आकडा 96 पर्यंत गेला, मग उतरत सुमारे दीड महिन्याने पुन्हा नॉर्मल. एचबीएसएजी त्या काळात 14 वरून 6 वर आला.

माझ्याच चाचणीत एक वेगळा गटही होता. त्यांना दुसऱ्या लशीच्या दिवशी निव्होलुमॅबचा अगदी छोटा डोस मिळत होता. हे कर्करोगाचं औषध, पीडी-1 चा ब्रेक सैल करणारं. त्यासाठी माहितीपत्रकाची सुधारित आवृत्ती आली आणि आम्हा सगळ्यांकडून पुन्हा सह्या घेतल्या. या औषधाने थायरॉइडसारख्या ग्रंथींवर आपलीच प्रतिकारशक्ती उलटू शकते, म्हणून त्या गटाच्या तपासण्या जास्त. मध्यंतरी सुधारित संमतीपत्र आलं तर 'पुन्हा तेच' म्हणून सही करू नका, काय बदललं ते विचारा. कोऑर्डिनेटरकडे बदलांची वेगळी यादी असते.

फेब्रुवारी 2023 मध्ये 48 वा आठवडा. अँटिजेन 100 च्या खाली, एसजीपीटी नॉर्मल, व्हायरल लोड नाही, अशा सगळ्या अटी पूर्ण झाल्या तर टेनोफोव्हिर थांबवून बघायचं असं ठरलेलं होतं. मी त्यात बसत होते. घरी यावर बरीच चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, चालतंय ते का बिघडवायचं? पण गोळी थांबवल्याशिवाय शरीर स्वतःच्या बळावर किती सांभाळतं हे कळणार नव्हतं. शेवटी मी हो म्हटलं. कृपया हे वाचून कुणी आपली गोळी स्वतःहून बंद करू नका. ती अचानक थांबवल्यावर विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. मला आधी दोन, मग चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागत होतं, आणि गोळी कधी पुन्हा सुरू करायची याच्या मर्यादा लिहून दिल्या होत्या.

तिसऱ्या महिन्यात विषाणू पुन्हा दिसला. 180, मग 900, मग परत 200 च्या आसपास. पहिला रिपोर्ट पाहून हातपाय गार पडले. पण एसजीपीटी हललं नाही आणि आकडा तिथेच घुटमळत राहिला, म्हणून गोळी सुरू करावी लागली नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये शेवटची भेट झाली तेव्हा एचबीएसएजी 4 होता. याला बरं होणं म्हणत नाहीत. उपचार थांबवून सहा महिने अँटिजेन आणि विषाणू दोन्ही अदृश्य राहिले तरच 'फंक्शनल क्युअर' म्हणतात, आणि तेव्हासुद्धा पेशींतलं ते वर्तुळ पूर्ण नाहीसं झालेलं नसतं. मी त्याच्या अलीकडे आहे, पण 640 वर असताना होते त्यापेक्षा खूप जवळ.

गटाचं पत्र यायला आणखी काही महिने लागले, कारण सगळ्या सहभागींच्या भेटी संपून माहिती पक्की झाल्याशिवाय ते उघडत नाहीत. मला खऱ्या लशी मिळाल्या होत्या. म्हणून माझा आकडा लशींमुळेच उतरला असं मात्र मी म्हणू शकत नाही. ते प्लासिबोवाल्यांशी तुलना केल्यावरच ठरणार. त्यांनीही तेवढंच रक्त दिलं, तितक्याच रजा घेतल्या, आणि त्यांच्या आकड्यांशिवाय माझ्या आकड्यांना अर्थ नाही. त्यांच्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

आता दर तीन महिन्यांनी रक्त आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू आहे, ती चाचणीबाहेर, माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. दादाचा एचबीएसएजी 2,000 च्या वर असल्याने तो माझ्या चाचणीत बसत नव्हता. आता 3,000 पर्यंत घेणारी दुसरी एक सुरू होते आहे, पुढच्या महिन्यात त्याचं स्क्रीनिंग आहे. जुने सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून, लशींची प्रमाणपत्रं वर ठेवून फाइल मी तयार केली आहे. संमतीपत्र त्याने कालच घरी आणलं; आईने ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आहे आणि तिचे प्रश्न ती वेगळ्या कागदावर लिहिते आहे.